नेल गन घेण्यापूर्वी सुतार बांधवांनी विचार करावा

गेल्या काही वर्षांत सुतारकामाच्या कारखान्यांतून हातोडीचा आवाज कमी होऊन कंप्रेसरचा आवाज वाढला आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. कारागिराचा वेळ वाचला, खांदा वाचला, तर त्याची कमाई वाढते. परंतु हत्यार घेताना आपले लोक घाई करतात. कोणी मोबाईलवर अमेरिकेतला व्हिडिओ पाहतो. एक माणूस क्षणात पाच-सहा खिळे मारतो आणि भिंतीचा सांगाडा उभा राहतो. लगेच हप्त्यावर तीच मोठी गन येते, आणि दोन महिन्यांनी ती कारखान्याच्या कोपऱ्यात धूळ खात पडते.

मी स्वतः सुतार नाही. कापडाचा व्यापार हा माझा धंदा. पण लाकडी पॅलेट आणि पॅकिंगच्या पेट्या यांचे गिऱ्हाईक म्हणून सुतारांशी माझा अनेक वर्षांचा व्यवहार आहे. पेटी उघडली, फळी निसटली, तर नुकसान आधी आमचे आणि मग बनवणाऱ्याच्या नावाचे होते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

मोठी गन कशासाठी बनली?

ज्याला फ्रेमिंग नेलर म्हणतात ती गन अमेरिका-कॅनडातील लाकडी घरांसाठी आहे. तिकडे घराची भिंत विटांची नसून पाइनसारख्या मऊ लाकडाच्या पट्ट्यांची असते. पट्टीला ‘दोन बाय चार’ म्हणतात, पण रंधून झाल्यावर तिचे खरे माप दीड इंच बाय साडेतीन इंच असते. दीड इंच जाडीची पट्टी दुसरीला ठोकायची तर तीन-सव्वातीन इंचांचा खिळा लागतो. म्हणून ही गन साधारण २ ते साडेतीन इंच, म्हणजे ५० ते ९० मि.मी. खिळे मारते. तिचे वजन साडेतीन-चार किलोपर्यंत जाते.

आता आपल्याकडचे काम पाहा. सागवानाची चौकट, प्लायवूडचे कपाट, सोफा, दरवाजा. यात तीन इंची खिळ्याचे काय काम? सागवानाच्या चौकटीचा सांधा लाकडात लाकूड बसवून होतो. कठीण लाकडाच्या टोकाला जाड खिळा जोराने मारला तर लाकूड चिरते. प्लायवर पट्टी किंवा बीडिंग लावण्यासाठी १८ गेजची लहान ब्रॅड गन, ज्याला बाजारात एफ-३० म्हणतात, ती ३० मि.मी.पर्यंत खिळा मारते आणि तेवढी पुरे होते. सोफ्याच्या कापडासाठी स्टेपलर हवा. सेंटरिंगच्या कामात तर खिळे पुन्हा उपटायचे असतात, तिथे हातोडीच बरी. तात्पर्य, घरच्या फर्निचरचे काम करणाऱ्याने फ्रेमिंग नेलरच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग घ्यावी कोणी? जो पॅलेट, पेट्या, क्रेट बनवतो, जो पाइनच्या लाकडाचे शेड किंवा मांडव-सेटचे सांगाडे उभारतो, त्याने. कांडला बंदरावर उतरणारे परदेशी पाइन गांधीधामच्या वखारींतून आपल्यापर्यंत येते. हे लाकूड मऊ असते आणि गनचा खिळा त्यात चांगला बसतो.

आधी खिळा ठरवा

गन पाहण्याआधी आपल्या कामाचा खिळा ठरवावा. साधा हिशेब असा की जी फळी ठोकायची तिच्या जाडीच्या अडीच ते तीन पट लांब खिळा असावा. पाऊण इंची फळी असेल तर दोन-सव्वादोन इंचांचा खिळा. म्हणजे पॅलेटवाल्याला बहुतेक वेळा साडेतीन इंची गनची गरजच नाही. त्याच्यासाठी कॉइल नेलर हे खरे हत्यार आहे. सीएन-५५, सीएन-७० अशी नावे बाजारात आहेत. नावातला आकडा साधारणपणे खिळ्याची जास्तीत जास्त लांबी मि.मी.मध्ये सांगतो. कॉइलमध्ये दोनशे-तीनशे खिळे एका वेळी बसतात, तर पट्टीच्या गनमध्ये साठ-सत्तरच्या आसपास. दिवसभर एकच काम करणाऱ्याला हा फरक मोठा आहे. खिळा गुळगुळीत न घेता पीळ असलेला किंवा कड्या असलेला घ्यावा. एकदा माझ्या मालाचे पॅलेट उचलताना खालची पट्टी सुटली. पाहिले तर खिळे गुळगुळीत आणि आखूड होते. खिळ्यात वाचवलेले पैसे मालाच्या भरपाईत गेले.

ज्याला पट्टीचीच गन घ्यायची त्याने कोन पाहावा. २१ अंशांच्या गनमध्ये प्लास्टिकने जोडलेले, पूर्ण गोल डोक्याचे खिळे लागतात. २८ अंशांत तारेने जोडलेले. ३० ते ३४ अंशांत कागदाने जोडलेले. जास्त कोनाची गन अरुंद जागेत शिरते, परंतु कागदाला ओल लागली की तो फुगतो आणि खिळा अडकतो. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात हे लक्षात ठेवावे. एका कोनाचे खिळे दुसऱ्या कोनाच्या गनमध्ये चालत नाहीत. म्हणून नागदेवीला गन घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला पहिला सवाल हा करा की हे खिळे बारा महिने मिळतील का, आणि वायसर, ओ-रिंग, ड्रायव्हरची पाती हे सुटे भाग कोणाकडे मिळतील. गन एकदा घ्यायची असते, खिळे रोज लागतात.

कंप्रेसरचा हिशेब

बहुतेक गन ७० ते १२० पौंड दाबावर चालतात. मोठी गन मिनिटाला २० खिळे मारत असेल तर तिला साधारण २ घनफूट हवा लागते. कंप्रेसर घेताना केवळ हॉर्सपॉवर पाहू नये. मिनिटाला प्रत्यक्ष किती हवा बाहेर पडते ते विचारावे, कारण पिस्टनच्या मापावरून लिहिलेला आकडा नेहमी मोठा असतो. पुढे दुसरी गन जोडायची असेल तर तेवढी हवा आधीच धरावी. रोज टाकीतले पाणी काढावे आणि गनच्या तोंडात एअर टूलच्या तेलाचे दोन-चार थेंब सोडावेत. एवढे केले तर गन वर्षानुवर्षे साथ देते.

ट्रिगरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची

आता जे लिहिण्यासाठी खरे तर लेखणी उचलली ते सांगतो. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात हेल्परच्या बोटातून खिळा आरपार गेला. मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा. एक खिळा मारला, धक्क्याने गन उसळली, नाक पुन्हा लाकडाला लागले आणि दुसरा खिळा सुटला. महिनाभर मजुरी बुडाली. मालक म्हणाला, पोराचे लक्ष नव्हते. मी म्हणतो, दोष गन निवडणाऱ्याचा होता.

ट्रिगर दोन प्रकारचे असतात. एकात ट्रिगर दाबून ठेवायचा आणि गन आपटत जायची, प्रत्येक आपटीला खिळा. दुसऱ्यात आधी नाक लाकडावर टेकवायचे, मग ट्रिगर दाबायचा, आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा तेच करायचे. अमेरिकेच्या सरकारी खात्यांनी २०११ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे की नेल गनमुळे तिथे वर्षाला सुमारे ३७,००० जखमी इस्पितळात तातडीच्या उपचारासाठी येतात, आणि आपटीच्या ट्रिगरमध्ये धोका दुसऱ्या प्रकारच्या दुप्पट असतो. जिथे ही गन जन्मली तिथली ही हालत आहे.

म्हणून दुसऱ्या प्रकारचा, एकेक खिळ्याचा ट्रिगरच घ्यावा. वेग थोडा कमी होईल, पण फळी उचलणे, गुण्यात धरणे यातच जास्त वेळ जातो, तो दोन्हीकडे सारखाच. नाकावरची सुरक्षा पट्टी तारेने बांधून ठेवण्याची चाल काही ठिकाणी आहे, ती बंद करावी. लहान ब्रॅड गनच्या अनेक मॉडेलांत ही पट्टी नसतेच, तेव्हा तिला खेळणे समजू नये. दुसरा हात खिळ्यापासून फूटभर लांब ठेवावा. डोळ्यांवर चष्मा असावा. खिळा अडकला तर आधी हवेचा पाइप काढावा, मग गनला हात लावावा. ऑक्सिजनच्या सिलिंडरवर गन कधीही चालवू नये, स्फोट होतो. आणि जखम झालीच तर हेल्परचा औषधपाणी आणि मजुरीचा खर्च मालकाने उचलावा. गन मालकाची, नफा मालकाचा, तर जबाबदारीही त्याचीच.

परदेशी माल पाठवणाऱ्यांचे पॅलेट बनवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने प्रक्रिया केलेले हवे आणि त्यावर अधिकृत शिक्का हवा. उत्तम गनने ठोकलेले पॅलेटही शिक्क्याविना बंदरावर अडते.

शेवटी एक सूचना. ज्याच्या हाती अजून पक्की ऑर्डर नाही त्याने कर्ज काढून मोठी गन घेऊ नये. शेजारच्या दोन कारखान्यांनी मिळून एक कंप्रेसर आणि एक कॉइल नेलर घ्यावी, सहा महिन्यांचा खिळ्यांचा आणि मजुरीचा हिशेब वहीत लिहावा. काम वाढले तर दुसरी घेता येईल. आपल्या कारागिरांच्या हातात हुन्नर आहे. तो हात शाबूत ठेवून जे हत्यार कमाई वाढवील तेच घ्यावे, एवढेच सांगणे आहे.