दारात झुलणारा छोटा हत्ती

नागपूरच्या इतवारीत ‘भाडं’ हा शब्द दोन्ही अंगांनी चालतो. गाडीवाल्याला फेरी मिळाली की ‘भाडं लागलं’, आणि दुसऱ्याची गाडी आणली की ‘भाडं भरलं’. पहिलं कमाईचं, दुसरं खर्चाचं. तातडीचा माल पोचवायच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या पोराला किराणा ओळीपासून लोहा ओळीपर्यंत जो भेटेल तो एकच सल्ला देतो, “काहून दुसऱ्याचं घर भरतं भाऊ? जुनी का होईना, आपली पिकअप घे.” या सल्ल्यात माया आहे, हिशेब नाही.

सल्ला देणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट मांडू. भाड्यात गेलेला पैसा परत येत नाही. जुनी गाडी रोखीनं घेतली की हप्त्याची कटकट नाही. आणि आपली गाडी दाराशी उभी असते. फोन आला की चावी फिरवायची नि निघायचं. तिन्ही मुद्दे ऐकायला पक्के वाटतात.

पहिले दोन मुद्दे एकत्र घेऊ. हप्ता नाही म्हणजे खर्च नाही, असं कोणी सांगितलं? समजा, साडेतीन लाखांना दहा वर्षं जुनी पिकअप घेतली. वर्षाचा विमा 25 हजार. पासिंग, कर, पीयूसी मिळून 10. टायर नि दुरुस्ती 65. गाडीच्या किमतीतली घट 60. अडकलेल्या पैशाचं व्याज 35. बेरीज 1 लाख 95 हजार, म्हणजे महिन्याला 16,250 रुपये. तेवढीच गाडी रोज 1,500 रुपयांनी मिळत असेल आणि डिझेल दोन्हीकडे आपलंच असेल, तर महिन्याला अकरा दिवस काम लागेपर्यंत भाड्याचीच स्वस्त. हे आकडे नमुन्याचे. ज्यानं त्यानं आपले घालावेत. पण घट आणि व्याज या दोन ओळी गाळून केलेला हिशेब म्हणजे स्वतःचीच फसवणूक. शिवाय आठ वर्षं हा जुन्या मालगाडीच्या आयुष्यातला उंबरठा आहे. तोवर पासिंग दोन वर्षांचं मिळतं, पुढे दरवर्षी करावं लागतं. महाराष्ट्रात पर्यावरण करही तिथूनच सुरू होतो.

आता ‘आपली’ हा शब्द पाहू. पैसे मोजले नि चावी घेतली म्हणून गाडी आपली होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की अपघाताची भरपाई ठरवताना नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक. हातोहात विकल्या गेलेल्या त्या गाडीत जबाबदारी पहिल्या, नोंदणीतल्या मालकावरच राहिली. मागच्या मालकाचं नाव, वित्तसंस्थेचा बोजा, जुना दंड, हे सगळं आरटीओत उतरेपर्यंत जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याच्या नावावरची डोकेदुखी.

तिसरा मुद्दा हाताशी असण्याचा. दिवाळीनंतरची एक सकाळ आठवते. तुमसरकडच्या एका राईस मिलचा पट्टा तुटला होता, बेअरिंगही गेलं होतं. धानाचा हंगाम, मिल बंद, माणसं बसून. माल लोहा ओळीत बांधून तयार. पण पिकअपचा सेल्फ घेईना. चार हमालांनी ढकलून ती गल्लीच्या तोंडाशी आणली, तिथेच ती अडली आणि मागे हातगाड्यांची रांग लागली. शेवटी माल दुसऱ्या गाडीत चढला. ती गाडी भाड्याची होती.

जुन्या गाडीवाल्याचं भाडं सुटत नाही ते असं. गाडी गॅरेजात असते त्या दिवशी तोही भाड्यानेच आणतो. महिन्यातले कामाचे असे तीनच दिवस धरले तरी 4,500 रुपये वाढले, आणि अकराचे चौदा दिवस झाले. व्यापारी तातडीच्या फेरीला जादा पैसे देतो ते वेळेच्या खात्रीचे. ती एकदा हुकली की पुढचा फोन दुसऱ्याला जातो.

भाड्याच्या गाडीत दोष नाहीत असं नाही. ऐन हंगामात ती मिळत नाही, मिळाली तर दर चढलेला असतो. म्हणून एकाच मालकाशी हंगामभराची लेखी बोली करावी. विमा, पासिंग, पीयूसी स्वतः डोळ्यांनी पाहावं. ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या पाटीची गाडी भाडी मारायला वापरणं हा तर भाड्याचा पर्यायच नव्हे; अपघात झाला की विमा कंपनी पहिला सवाल त्या पाटीचाच करते. पाटी पिवळीच हवी.

माझं म्हणणं ‘गाडी घेऊच नका’ असं नाही. 2005 मध्ये टाटा एस आली, लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं आणि अरुंद ओळींतून माल काढणाऱ्या कित्येकांच्या घरी चूल पेटली. तीन हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या मालगाडीला परमिटही लागत नाही. दारात हत्ती झुलावा असं कोणाला वाटत नाही? पण हत्ती आधी चारा मागतो, मग ओझं वाहतो. पितृपक्षात बाजार थंड असतो, मारबतीच्या दिवशी मिरवणुकीनं रस्ते भरलेले असतात. चारा त्या दिवशीही लागतोच. भाड्याची गाडी त्या दिवशी आणायचीच नाही.

म्हणून पहिला हंगाम भाड्याच्या गाडीवर काढा आणि दोन रकान्यांची वही ठेवा: लागलेलं भाडं, भरलेलं भाडं. पहिल्या रकान्यात मंदीच्या महिन्यातही चौदाच्या वर दिवस भरू लागले, की खुशाल जुनी पिकअप पाहायला जा. मेकॅनिकला सोबत न्या. वहीही न्या.