सूर्य गावाचा, मालकी कोणाची?

शेताला दिवसा वीज मिळावी, ही महाराष्ट्रातील शेतकऱ्याची मागणी एका पिढीहून जुनी आहे. कृषिपंपाची वीज रात्री येणार म्हणून ऐन थंडीत विंचू-सापाचे आणि जुन्नरसारख्या पट्ट्यात बिबट्याचे भय पत्करून दारे धरायला जायचे, हे वर्षानुवर्षे त्याच्या नशिबी आले. त्यामुळे २०१७ सालच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे आणि २०२३ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्याचे स्वागत झाले, ते योग्यच होते. उपकेंद्राच्या जवळच सौर प्रकल्प उभारावा आणि तेथील वीज तेथल्याच शिवाराला द्यावी, ही कल्पना विकेंद्रित अर्थरचनेचा आग्रह धरणाऱ्या पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्या विचाराशी जुळणारी आहे. प्रश्न कल्पनेचा नाही, मालकीचा आहे.

त्याचे गणित एकदा मांडून पाहावे. एक मेगावॅटच्या प्रकल्पाला साधारण चार एकर जमीन लागते. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे धरले, तर जमीनधारकाच्या हाती सुमारे दोन लाख पडतात. दरवर्षी तीन टक्के वाढ आहे, ती निराळी. त्याच जमिनीवर वर्षाला पंधरा लाख युनिटच्या आसपास वीज तयार होते आणि युनिटला तीन रुपये दर धरला तरी तिचे पंचेचाळीस लाख होतात. कंपनीने भांडवल घातले आहे, कर्जाचे हप्ते आहेत, देखभाल आहे, हे सारे मान्य. पण कर्ज फिटल्यावरही करार संपेपर्यंत भूमिपुत्र भाडेकरीच राहणार आणि उत्पन्न बाहेर जाणार. कोरडवाहू जमिनीतून एरवी काय हाती लागते, असा सवाल मंत्रालयातून होतो. सवाल खरा आहे. पण जमीन कोरडवाहू का राहिली, याचे उत्तर त्याच मंत्रालयातील सिंचनाच्या फायलींत सापडेल!

शेतकऱ्याने स्वतःच प्रकल्प उभारावा, ही सोय नव्हती असेही नाही. केंद्राच्या २०१९ मधील कुसुम योजनेचा पहिला घटक नेमका त्यासाठीच होता. शेतकरी, सहकारी संस्था, ग्रामपंचायत, शेतकरी उत्पादक कंपनी यांपैकी कोणीही ५०० किलोवॅट ते दोन मेगावॅटचा प्रकल्प उभारून वीज वितरण कंपनीला विकावी. देशभरासाठी दहा हजार मेगावॅटचे उद्दिष्ट ठरले. २०२४ संपेपर्यंत त्याचा दशांशही गाठता आला नाही. बँका तारणाशिवाय कर्ज देईनात आणि वितरण कंपनीने देऊ केलेल्या दरात हप्ते भागेनात. महाराष्ट्रात सोळा हजार मेगावॅटचा मोठा कार्यक्रम निविदांवर चालला आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील प्रकल्पांची मोट बांधून काढलेल्या निविदेत दोन एकरांचा धनी कसा उतरणार?

म्हणूनच योजना नव्हे, कायदा हवा. योजना शासन निर्णयावर उभी असते आणि एका शासन निर्णयाने दिलेले दुसरा काढून घेतो. महाराष्ट्राला याचा धडा परका नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राबवली गेली, पण मजुराला हक्क मिळाला तो १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केल्यावर. वीज हा समवर्ती सूचीतील विषय आहे, जमीन तर राज्याचीच. दोन मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प स्थानिक शेतकरी व त्यांच्या संस्थांसाठी राखून ठेवावेत, त्यांना निविदेतून वगळून नियामक आयोगाने ठरवलेला दर द्यावा, कर्जाला राज्याची हमी असावी आणि भाड्याने जमीन देणाऱ्याला उत्पन्नात हिस्सा मिळावा, एवढे कलमबद्ध करण्यास राज्याला कोणी अडवलेले नाही.

सहकार म्हटले की नाके मुरडली जातात. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था थकबाकीत रुतली आणि २०११ मध्ये तिचा परवाना संपला, हे उदाहरण तोंडावर फेकले जाते. परंतु ती संस्था वीज घेऊन वाटणारी होती. येथे शेतकरी वीज निर्माण करून विकणार आहे. गुजरातमधील खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावी २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौरपंपधारकांची सहकारी मंडळी स्थापन केली. पाणी देऊन उरलेली वीज तेथील वितरण कंपनीने विकत घेतली. भूजलाचा वारेमाप उपसा करण्यापेक्षा वीज विकण्यात लाभ दिसला की शेतकरी पाणीही जपून वापरतो, हा त्यातला आणखी एक फायदा.

गायरानांची गोष्ट याहून गंभीर आहे. प्रकल्पांसाठी शासकीय जमिनी नाममात्र भाड्याने दिल्या जातात आणि त्यांत गावोगावची गायरानेही येतात. ३० सप्टेंबर २०२४ रोजी याच राज्याने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. मातेचा दर्जा द्यायचा आणि तिच्या चरण्याच्या जागेवर कुंपण घालायचे, याला काय म्हणावे? ग्रामपंचायतीला तीन वर्षे मिळणारे पाच-पाच लाख म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या चराईचे मोल नव्हे. अनेक गावांतून विरोध झाला. तो करणाऱ्यांना विकासविरोधी ठरवणे सोपे आहे. पण गावाच्या सामूहिक जमिनी सांभाळा, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०११ मध्ये जगपाल सिंह प्रकरणात राज्यांना बजावले होते. ग्रामसभेच्या संमतीवाचून गायरानाची इंचभरही जमीन जाणार नाही, हे कलम प्रस्तावित कायद्यात पहिले असावे.

दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाविरुद्ध स्वदेशी जागरण मंचाने आवाज उठवला, तेव्हा त्यालाही प्रगतीचे शत्रू म्हटले गेले. २००१ मध्ये त्या कंपनीचे दिवाळे वाजले. तो विरोध विजेला नव्हता, वीज कोणाच्या अटींवर घ्यायची याला होता. आज सरकार समविचारी आहे, त्यामुळे हा आग्रह धरण्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. २०२४ मध्ये मतदारांनी भरभक्कम बहुमत दिले आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात असे विधेयक आणायला संख्याबळाची अडचण सांगता येणार नाही.