टीएसएच वाढला, पण आयोडीन कुठलं?

डायालिसिसवरच्या पेशंटचा टीएसएच आठ-नऊ आला की आपल्यातले बरेच जण लगेच थायरॉक्सिन लिहून मोकळे होतात. त्याआधी रक्त कधी काढलं, ते विचारावं. हेपारिन गेल्यावर काढलेल्या नमुन्यात मेदाम्लं सुटतात, ती टी४ला प्रथिनांपासून सोडवतात आणि फ्री टी४ खोटाच वाढलेला दिसतो. सुई घातली की हेपारिनआधीची पहिली नळी थायरॉइडची, हे टेक्निशियनला सांगून ठेवा. टी३ कमी असणं या पेशंटमध्ये नेहमीचंच. टीएसएच नॉर्मल असेल तर त्यावर औषध नको.

दुसरा प्रश्न आयोडीनचा, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे. पोटात गेलेलं सुमारे ९० टक्के आयोडीन लघवीवाटे बाहेर पडतं. लघवीच बंद झाली की ते साचतं. डायालिसेटमध्ये मात्र आयोडीन नसतं, त्यामुळे दर सेशनला काही वाहूनही जातं. पारडं कुणीकडे झुकेल, ते पेशंटच्या ताटावर आणि आपल्या ड्रेसिंग ट्रॉलीवर ठरतं.

श्रीपेरुंबुदूरचंच बघा. चाकणच्या वाचकाला ओळखीचा वाटेल असा हा वाहन कारखान्यांचा पट्टा, चेन्नई-बंगळुरू महामार्गावरचा. पण तामिळनाडूतल्या स्वयंपाकात ‘कल उप्पू’ म्हणजे खडे मीठ अजून भरपूर चालतं. २०१८-१९च्या राष्ट्रीय आयोडीन सर्वेक्षणात पुरेसं आयोडीन असलेलं मीठ वापरणारी घरं सगळ्या राज्यांत तिथेच सर्वांत कमी निघाली, ६१.९ टक्के; देशाची सरासरी ७६.३. त्यात आपण मीठ तोडायला सांगतो. अशा पेशंटला आयोडीन कमीही पडू शकतं.

याच पेशंटच्या कॅथेटरवर पोव्हिडोन-आयोडीनचा बोळा फिरतो. १० टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे १० मिलिग्रॅम उपलब्ध आयोडीन असतं. प्रौढाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. धड त्वचेतून थोडंच शोषलं जातं, जखमेतून जास्त. फिस्टुलोग्रामचा डाय आणखी वेगळा. जास्तीचं आयोडीन थायरॉइडचं काम थांबवतं, हे वुल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८मध्ये उंदरांत दाखवलं. निरोगी माणूस काही दिवसांत त्यातून सुटतो, डायालिसिसच्या पेशंटला ते कठीण जातं. जपानमध्ये नुसतं आहारातलं आयोडीन कमी केल्यावर अशा पेशंटचा टीएसएच उतरल्याच्या नोंदी आहेत.

तेव्हा आधी मिठाचा पुडा बघायला मागा. क्लोरहेक्सिडीन चालत असेल तर काही आठवडे ते वापरून टीएसएच पुन्हा करा. लघवीतलं आयोडीन मोजण्यात पैसे घालवू नका, इथे ते निरुपयोगी. एवढं करूनही थायरॉक्सिन द्यावंच लागलं, तर कॅल्शियम, सेव्हेलॅमर आणि लोहाच्या गोळीपासून चार तास दूर द्या. एकाच मुठीत गिळलेली गोळी शोषली जात नाही आणि आपण डोस वाढवत बसतो.