एकट्याचे दुःख की सर्वांचा प्रश्न?

आमच्या शाळेत नववीच्या वर्गातील एक मुलगा रोज पहिल्याच तासाला डुलक्या घेत असे. एकदा मी रागावून त्याला म्हणालो, "असाच आळस केलास तर नापास होशील!" तो मान खाली घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आलाच नाही.

चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. भिवंडीतील ती एक अरुंद गल्ली. घराच्या भिंतीला लागूनच यंत्रमागांचा कारखाना होता. मागांच्या खडखडाटात त्याच्या अब्बांचे बोलणेही मला नीट ऐकू येईना. ते म्हणाले, "सर, माग रात्रभर चालतात. याला झोप लागत नाही. शिक्षण याच्या नशिबातच नाही."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारले, "मागांच्या आवाजाने कोणाकोणाची झोप मोडते?" निम्म्याहून अधिक हात वर झाले. तेव्हा मला माझी चूक कळली. ज्याला मी एका मुलाचा आळस समजत होतो, तो साऱ्या मोहल्ल्याचा प्रश्न होता.

सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली आपल्या पुस्तकात हाच भेद समजावून सांगितला आहे. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचे कौशल्य आणि स्वभाव पाहावा. पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी लोक बेकार असतील, तर दोष एकेका माणसात शोधून चालणार नाही.

आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. १८ जानेवारी १९८२ रोजी कापड गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. पुढे हजारो कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही. ते सगळेच का कामचुकार होते?

कोणी म्हणेल, "मग मुलांना सबबच मिळाली!" मला तसे वाटत नाही. अभ्यास ज्याचा त्यानेच करायचा असतो. पण अभ्यासाला शांत जागा आणि पुरेशी झोप एकट्या मुलाला कोठून मिळणार? मागवाल्यांना दोष देऊनही भागत नाही. माग थांबला की कारागिराची मजुरीही थांबते. वस्ती आणि कारखाने वेगळे ठेवणे हे नगराच्या कारभाराचे काम आहे. त्यासाठी सर्व पालकांनी मिळून मागणी केली पाहिजे.

आमच्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या दोन खोल्या संध्याकाळी अभ्यासासाठी उघडल्या. तो मुलगा परत आला. मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. रात्रीचा खडखडाट मात्र अजून थांबलेला नाही.

मुलांनो, अडचण आली की स्वतःला दोन प्रश्न विचारा : यात माझी चूक किती? आणि माझ्यासारखे आणखी कितीजण आहेत? पहिल्या प्रश्नाने आपण सुधारतो. दुसऱ्याने समाज सुधारण्याची वाट सापडते.