शनिवारची सुई, रविवारची कुंडी

परभणीची काळी माती शेतात सोनं, कुंडीत मात्र हट्टी. पाणी दिलं की चिखल, विसरलं की भेगा. तिच्यात शेणखत आणि थोडी वाळू कालवा, मग ऐकते. मोठ्या कुंडीत लावा ‘परभणी क्रांती’, १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्याच कृषी विद्यापीठाची भेंडी. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला ती सहसा दाद देत नाही. बी रात्रभर भिजवा. साधारण दीड महिन्यात तोडा सुरू.

लहान कुंडीसाठी मी सुतळीचं शिंकं क्रोशाने विणायला घेतलं. साखळी जमली, पण खांब मोजताना चुकले (फोन वाजला, दुसरं काय!) आणि शिंकं एका अंगाला कललं. उसवलं नाही. त्यातला पुदिना तसाच तिरका वाढतोय, चटणीपुरता.