परवाना कागदाला, पंखा रामभरोसे!

बारामतीजवळच्या पणदरे, काटफळ, गोजुबावीच्या शेतकऱ्याने आपल्या डोक्यावरचे आकाश कोणाला खंडाने दिलेले नाही. तरीही तिथे घिरट्या घालणारे शिकाऊ विमान केव्हा उसाच्या फडात उतरेल, याची धास्ती त्याच्याच माथी आहे. 25 जुलै 2022 रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शिवारात सेसना जातीचे शिकाऊ विमान कोसळले. इंजिनाची शक्ती गेली होती आणि आत एकटी शिकाऊ तरुणी होती. ती वाचली. 19 ऑक्टोबर 2023 रोजी काटफळजवळ रेडबर्ड या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचे विमान पडले. 22 तारखेला त्याच संस्थेचे दुसरे गोजुबावीजवळ!

इंजिनाची शक्ती जाण्याचा सर्वांत क्रूर क्षण उड्डाण घेतानाचा. इंजिन पूर्ण जोरावर, वेग जेमतेम, उंची काहीशे फूट. इंधनात उतरलेले पाणी, तुंबलेला कार्ब्युरेटर किंवा ठिणगी देताना दगा देणारा मॅग्नेटो तिथेच उघडा पडतो. वैमानिकाच्या हाती काही सेकंद. नाक खाली करून समोर मिळेल त्या जमिनीवर उतरायचे. धावपट्टीकडे वळू पाहणाऱ्याचा वेग वळणातच सरतो आणि पंख हवा सोडतात. म्हणून यावरचा खरा इलाज आकाशात नाही. तो पहाटे टाकीच्या तळाचे इंधन काढून पाहणाऱ्या मेकॅनिकच्या हातात आहे.

त्या हातावर देखरेख ठेवण्याचा पगार खाणाऱ्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला सहा महिन्यांत पाच घटना घडेपर्यंत जाग आली नाही! मग रेडबर्डची मान्यता स्थगित झाली, देखभालीतील दोष कारण म्हणून सांगितले गेले. पहिल्या घटनेला हे दोष दिसत नव्हते काय? 2025 साली याच महासंचालनालयाने देशातील प्रशिक्षण संस्थांची प्रतवारी लावली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. मग या संस्थांना मान्यता दिली कोणी?

आता दुसरे ताट पाहा. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मिरवले गेले, नोंदणीला 2017 चा नोव्हेंबर उजाडला, उड्डाणाच्या परवान्याला 2019 चा ऑक्टोबर. मधल्या काळात, 2018 च्या फेब्रुवारीत, राज्य सरकारने त्यांच्याशी 35 हजार कोटींचा करार करून टाळ्या घेतल्या. विमानाला उडण्याची मुभा तेव्हा नव्हती! घरी बांधलेल्या विमानाची तपासणी कठोर हवीच, असे आम्ही निक्षून सांगतो; त्यातील टाकी, इंधननळी आणि इंजिन यांचा मेळ कोणत्याही कारखान्याने पारखलेला नसतो, आणि पहिल्याच उड्डाणांत इंजिन मान टाकण्याचे भय तिथे मोठे. पण जी करडी नजर गच्चीवरच्या एका माणसावर वर्षानुवर्षे रोखली गेली, ती रोज पोरांना आकाशात सोडणाऱ्या, शुल्क आधी मोजून घेणाऱ्या संस्थांच्या हँगरपाशी पोहोचताच का मिटते? कारण विमान कंपन्यांना वैमानिकांची घाई आहे, संस्थांना शुल्काची आणि अधिकाऱ्याला फाईल हातावेगळी करण्याची.

हा गलथानपणा नव्हे. हा सौदा आहे.

तेव्हा बारामती-इंदापुरात पडलेल्या प्रत्येक विमानाचा चौकशी अहवाल मराठीत त्या गावच्या ग्रामपंचायतीत लावा, आणि बिघाडाने पहिले विमान पडताच त्या संस्थेची सगळी विमाने जमिनीवर बसवा. पाचव्याची वाट पाहणाऱ्याने खुर्ची सोडावी.