हलाल तर आहे, पण निरोगी आहे का?

परसातली कोंबडी मान टाकून बसली, दाणे टिपेना, की आपल्या बऱ्याच घरांत एकच घाई सुरू होते : मरायच्या आत हलाल करून घ्या, नाहीतर वाया जाईल. गावठी कोंबडी वाढवायला किती महिने लागतात, ते पाळणाऱ्या बाईलाच ठाऊक. त्यामुळे ही घाई समजण्यासारखी आहे. तरीही ही सवय आता सोडायला हवी. का, ते समजण्यासाठी जरा लांबच्या गोष्टीपासून सुरुवात करू.

युरोपात उबदार कोटांसाठी लागणाऱ्या केसाळ कातड्याकरता, म्हणजे फरकरता, मिंक आणि कोल्हे पाळतात. मिंक हा मुंगसासारखा लांबट, चपळ प्राणी. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पेनच्या गॅलिसिया भागातल्या एका मिंक फार्मवर प्राणी भराभर मरू लागले. तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. शेजारच्या पिंजऱ्यांतून आजार पुढे सरकत गेला आणि शेवटी सुमारे ५२ हजार मिंक मारावे लागले. २०२३ च्या जुलैपासून फिनलंडमध्ये तेच घडलं. तिथे कोल्ह्यांनाही लागण झाली आणि लाखो प्राणी नष्ट करावे लागले.

पक्ष्यांचा आजार पिंजऱ्यातल्या प्राण्यांपर्यंत पोहोचला कसा? फिनलंडच्या या फार्मवर वर छप्पर, पण बाजू उघड्या. खाण्याच्या वासाने समुद्रावरचे सीगल पक्षी आत येत. त्यांची विष्ठा खाण्यात पडे, एखादा आजारी पक्षी तिथेच मरे. एका प्राण्याला लागण झाली की दाटीवाटीच्या पिंजऱ्यांत ती पसरायला वेळ लागत नाही.

शास्त्रज्ञांची खरी काळजी पुढची आहे. इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा जनुकीय मजकूर आठ सुट्या तुकड्यांत असतो. मिंकच्या श्वासमार्गात पक्ष्यांचा फ्लू शिरू शकतो आणि माणसांचाही. दोन्ही एकाच वेळी शिरले, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. दोन गोधड्या उसवून त्यांच्या तुकड्यांची तिसरी शिवावी तसा. स्पेनच्या त्या फार्मवरच्या कामगारांच्या चाचण्या सुदैवाने निगेटिव्ह आल्या. तरीही फिनलंडने २०२४ मध्ये अशा फार्मवरच्या लोकांना बर्ड फ्लूची लस देऊ केली.

आपल्या कोकणात फरचे फार्म नाहीत. पण विषाणूला वाट हवी असते, ती आपल्याकडेही आहे. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या आणि त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या दापोलीत मेलेल्या कावळ्यांचे नमुनेही बर्ड फ्लूचे निघाले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले. आपल्या किनाऱ्यावरही हिवाळ्यात सीगलचे थवे उतरतात. परसातली कोंबडी दिवसभर मोकळी फिरते, कावळ्याने टाकलेलं टिपते आणि रात्री पडवीत झोपते. कधी कधी मुलंच तिला उचलून आत आणतात.

या जवळिकीची किंमत जानेवारी २००६ मध्ये तुर्कस्तानच्या पूर्व भागातल्या एका घराने मोजली. आजारी कोंबड्यांच्या संपर्कात आलेली एकाच घरातली तीन भावंडं काही दिवसांत गेली. खरा धोका ताटातल्या शिजलेल्या रश्शात नसतो. तो असतो कोंबडी धरताना, कापताना, पिसं काढताना, आतडी साफ करताना. आणि ही कामं घरात कोण करतं? बहुतेक वेळा आई, मोठी मुलगी, नाहीतर सून.

आजारी कोंबडी बिस्मिल्लाह म्हणून कापली म्हणजे सगळं झालं, असं काहींना वाटतं. पण कुरआन शरीफमध्ये अन्नाबद्दल सांगताना हलालबरोबर तय्यिब हा शब्दही येतो. तय्यिब म्हणजे शुद्ध, चांगलं. आजारी उंट निरोगी उंटांमध्ये मिसळू नयेत, ही ताकीदही हदीसमध्ये आहे. स्पेनच्या पिंजऱ्यांना लागू पडणारी ती गोष्ट आपल्या खुराड्यालाही लागू पडते.

एकाएकी दोनतीन कोंबड्या मरणं, तुरा निळसर पडणं, डोकं सुजणं, नाकातून पाणी येणं, अंडी अचानक कमी होणं, ही लक्षणं ओळखून ठेवा. मानमोडीतही कोंबड्या अशाच पटापट मरतात. घरी बसून फरक कळत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. म्हणून ती कापू नका, विकू नका, शेजाऱ्याला देऊ नका. मेलेली कोंबडी किंवा कावळा उघड्या हातांनी उचलू नका, नदीत किंवा उकिरड्यावर फेकू नका, कुत्र्यामांजरांना घालू नका. मुलांना लांब ठेवा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा किंवा १९६२ वर फोन करा. रोग ठरल्यावर सरकारने नष्ट केलेल्या निरोगी पक्ष्यांची भरपाई मिळते, त्यामुळे लपवण्यात फायदा नाही. अशा पक्ष्यांजवळ गेल्यावर कुणाला ताप, खोकला आला, तर डॉक्टरांना कोंबड्यांची गोष्ट आधी सांगा.

चिकन सोडायची गरज नाही. निरोगी कोंबडी घ्यावी, कच्चं मांस हाताळल्यावर हात, सुरी आणि पाट साबणाने धुवावेत, रस्सा चांगला उकळावा. सत्तर अंशांच्या वर नीट शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही.

एक कोंबडी वाया गेली तर दोन दिवस हळहळ वाटते. पुढच्या पावसाळ्यात नवी पिल्लं मिळतात. हे आजच घरातल्या बायकांना आणि मुलांना सांगून ठेवा, कारण खुराड्याचं दार सकाळी तेच उघडतात.